फुकट मिळालं, फुकट द्यायचं कसं?

मी मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीत दिवाणजी आहे. शेतकऱ्याचा गूळ आला की रवे म्हणजे ढेपा मोजायच्या, सौद्यात दर निघाला की पट्टी करायची. वजन, दर, हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी उचल घेतली असेल तर ती वजा, आणि राहिलेली रक्कम शेतकऱ्याच्या हातात. दहा रुपये इकडचे तिकडं झाले तर मला रात्री झोप लागत नाही. असल्या माणसाला 'फुकट' या गोष्टीचा संशय यायचाच. 'काही नको, असंच घ्या' असं कुणी म्हणालं की मी आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडं बघतो.

म्हणूनच बायबलमधल्या मत्तयाच्या दहाव्या अध्यायातलं एक वाक्य माझ्या डोक्यात घट्ट बसलंय. येशू बारा शिष्यांना गावोगाव धाडतो आणि सांगतो, तुम्हाला फुकट मिळालंय, फुकट द्या. लगेच पुढं म्हणतो, कमरेला सोनं, रुपं, तांबं बांधू नका, वाटेसाठी झोळी घेऊ नका. म्हणजे द्यायला निघालेल्या माणसाचाही खिसा रिकामाच.

आमच्या चर्चमधली तरुण पोरं विचारतात, "काका, देवाचं प्रेम लोकांपर्यंत न्यायचं म्हणजे नक्की करायचं काय?" त्यांना उपासना सुटल्यावर पायरीवर बसून जे सांगतो तेच इथं लिहितोय. प्रवचनाला पाळकसाहेब आहेत. माझं आपलं व्यवहाराचं बोलणं.

आधी स्वतः घ्या

थंडीत कोल्हापूरच्या कुठल्याही दिशेला गेलात तर गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर दिसतो. गुऱ्हाळावर कुणीही वाटसरू गेला तर त्याला रस मिळतो, काकवी मिळते, काहिलीतनं नुकताच काढलेला गरम गूळ पळसाच्या नाहीतर उसाच्या पानावर मिळतो. मालक तोलत नाही, नाव विचारत नाही. तोच मालक पुढच्या आठवड्यात आमच्या अडतीत येऊन अर्ध्या किलोच्या घटीवरनं माझ्याशी भांडतो, ते वेगळं! देवाच्या दारात आपण त्या वाटसरूसारखे आहोत. आपण शहाणे झालो, प्रार्थना करायला लागलो, दशांश द्यायला लागलो, म्हणून त्यानं प्रेम केलं असं झालेलं नाही. येशूचा प्रेषित पौल रोमकरांना लिहितो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. इफिसकरांना लिहितो की तारण हे देवाचं दान आहे, आपल्या कर्मांची कमाई नव्हे, म्हणून कुणी फुशारकी मारायचं कारण नाही.

हे रोज आठवावं लागतं, कारण आपण रोज विसरतो. सकाळी मोबाइल हातात घ्यायच्या आधी शुभवर्तमानातली एक छोटी गोष्ट वाचा. अध्याय संपवायची घाई नको. वाचून झाल्यावर इतकंच बघा की या गोष्टीतल्या माणसाला न कमावता काय मिळालं. जक्कयाला घरी पाहुणा मिळाला, तोही लोकांना लुबाडणारा जकातदार म्हणून गावात बदनाम असताना. बापाचा पैसा उधळून परत आलेल्या धाकट्या मुलाला अंगठी मिळाली, त्याची माफीची पाठ केलेली वाक्यं अर्ध्यातच राहिली.

याचा व्यवहारात उपयोग सांगतो. देवाला खूश करायला जो सेवा करतो तो लवकर चिडतो. त्याला आभार पाहिजे असतात, फोटो पाहिजे असतो, वार्षिक सभेत नाव पाहिजे असतं. ज्याचं पोट आधीच भरलंय त्याला समोरच्याच्या ताटातलं काही नको असतं.

एक माणूस घ्या

'कोल्हापूरसाठी काहीतरी करू या' म्हणणाऱ्यांच्या बैठका मी भरपूर बघितल्यात. चहा होतो, समिती होते, वर्गणी ठरते, आणि पावसाळा लागतो. तुम्ही एक माणूस घ्या. रोज दिसतो, पण ज्याचं नाव तुम्हाला माहीत नाही, असा. अपार्टमेंटचा वॉचमन, भाजी निवडून विकणारी मावशी, यार्डातला हमाल, राजारामपुरीत अभ्यासिकेच्या खाली उभा राहून वडापावावर दिवस काढणारा चंदगडचा पोरगा.

सुरुवात नावानं करा. मग 'गाव कुठलं?' आपल्याकडं या एका प्रश्नावर अर्धा तास बोलणं निघतं. कुणाची तरी मेहुणी, कुणाचा तरी मामा त्या गावचा निघतोच. पण तिथं थांबा. आडनाव विचारू नका. आपल्याकडं आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं, हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. त्यानं आपणहून सांगितलं तर ऐका, चेहरा बदलू देऊ नका.

ताराबाई पार्क, नागाळा पार्काकडं मोठमोठ्या बंगल्यांत म्हातारी माणसं एकटी असतात. पोरं पुण्यात, नाहीतर अमेरिकेत. त्यांना धान्याची पिशवी नको असते. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, मोबाइलवर चेहरा दाखवून तो होतो, पण त्यांना ते जमत नाही आणि बँकेतल्या रांगेत उभं राहवत नाही. अर्धा तास जाऊन ते करून द्या. चहा देतील, तो घ्या, आणि निघायची घाई करू नका. दाखला पाच मिनिटांचा असतो, बाकीची पंचवीस मिनिटं खरी त्यांना पाहिजे असतात.

सीपीआरचा डबा

यातलं मला जास्त कळतं, म्हणून जरा लांबड लावतो. सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. तिथं गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड, पार कोकणातनं पेशंट येतात. पेशंटला जेवण मिळतं. प्रश्न बरोबर आलेल्या माणसाचा असतो. तो व्हरांड्यात नाहीतर आवारात झाडाखाली बसलेला असतो, खिशात एसटीचे परतीचे पैसे राखून ठेवलेले, म्हणून जेवत नाही. विचारलं तर 'जेवलोय की' म्हणतो.

तेव्हा 'जेवलासा का?' असं विचारू नका, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. "दोन भाकरी जास्त झाल्यात, आता घरी परत कुठं नेऊ?" असं म्हणा. यात खोटं काही नाही. भाकरी जास्त करूनच आणलेल्या असतात.

डब्यात काय न्यायचं? माझी मंडळी ज्वारीच्या भाकरी, झुणका किंवा कोरडी मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा एवढंच देते. पातळ भाजी सांडते आणि बसायला टेबल नसतं. मटण देऊ नका. सोमवार, गुरुवार, श्रावण, संकष्टी, माळकरी, कुणाचं काय असेल सांगता येत नाही, आणि नको म्हणताना त्या माणसाला अवघडल्यासारखं होतं. केळी चालतात. आणि पेशंटच्या हातात स्वतःहून काहीच देऊ नका. ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवलेलं असतं, साखरेचा आजार असतो. आधी सिस्टरांना विचारायचं.

डबा स्टीलचा नेऊ नका. ही गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडं दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायची पद्धत नाही. किमान चिमूटभर साखर तरी घालून देतात. चंदगडची बाई लेकाच्या उशाशी बसलेली, तिच्याजवळ तुमचा स्टीलचा डबा राहिला तर तिला घोर लागतो, डबा परत कसा करायचा, त्यात काय घालायचं. श्रीखंडाचे रिकामे डबे साठवून ठेवा, नाहीतर वर्तमानपत्रावर केळीचं पान ठेवून भाकरी बांधा. खाल्लं, टाकलं, विषय संपला. तिच्या डोक्यावर तुमचं काही राहत नाही.

भाकरीशिवाय उपयोगी पडणाऱ्या वस्तू म्हणजे मोबाइल चार्जरची लांब वायर, अंथरायला जुनी चादर, थंडीत कानाला बांधायला मफलर, थर्मासमधलं गरम पाणी. आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्याबरोबर केस पेपरच्या खिडकीपासून रक्त तपासणीपर्यंत चालत जाणं. याला खर्च शून्य, पण गावाकडच्या माणसाला त्या चालण्याचा आधार डब्यापेक्षा मोठा वाटतो.

बोलायचं थोडं. रोग काय, किती खर्च, कुणाची चूक, असले प्रश्न नकोत. आमच्याकडच्या काही मंडळींना पेशंटच्या उशाशी पत्रक ठेवायची सवय आहे. ती मोडा. अंथरुणाला खिळलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. जो जाऊ शकत नाही त्याला ऐकवणं म्हणजे जबरदस्तीच, आवाज कितीही गोड असला तरी.

पैसे

पैसे उसने देऊ नका. मी हिशेबाचा माणूस, तरी सांगतो. उसने दिले की तो माणूस तुम्हाला बघून रस्ता बदलायला लागतो, आणि तुम्ही त्याच्या अंगावरचा नवा शर्ट बघायला लागता. परत आले नाहीत तरी आपलं काही बिघडणार नाही, तेवढेच द्या, आणि देताना 'हे परत करायचे नाहीत' असं तोंडानं स्पष्ट सांगा. लूकच्या सहाव्या अध्यायात येशूनं परत मिळायची आशा न धरता द्यायला सांगितलंय.

गरज मोठी असेल, म्हणजे कॉलेजची फी, ऑपरेशन, फायनान्सवाल्यांचा थकलेला हप्ता, तर दोघातिघांनी मिळून भार उचला. इथं मात्र वही ठेवा. जमा किती, कुणाकडनं, गेले किती, पावती कुठं, सगळं काटेकोर. देणाऱ्यांच्या पैशाचा हिशेब पै न् पैचा पाहिजे, कारण तो विश्वास आहे. पण ज्याला दिले त्याच्या नावापुढं 'येणे' असा रकाना नको. तो रकाना कागदावर नसला तरी डोक्यात तयार होतो. 'त्याच्या पोरीच्या फीला आपण होतो, आणि आता नाताळच्या कार्यक्रमाला बोलावलं तर येत नाही!' असं तुमच्या तोंडातनं निघालं की समजा, रकाना उघडलाय. तो रोज सकाळी खोडायचा.

दारूड्याला रोख देऊ नका. त्याला जेवू घाला, त्याच्या बायकोला विचारून किराणा भरा. नाही म्हणणं हेही प्रेमात बसतं.

पुराच्या वेळी

जुलै-ऑगस्टात कोल्हापूरकर उठल्या उठल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, चिखली, आंबेवाडीची माणसं जनावरांसकट बाहेर काढावी लागली. अशा वेळी कोल्हापूरला मदत करायला कुणी शिकवावं लागत नाही. तालमीची पोरं, मंडळं, मशिदी, गुरुद्वारे, मठ, सगळे धावतात. पहिल्या दोन दिवसांत बिस्किटांचे आणि जुन्या कपड्यांचे ढीग लागतात. त्या ढिगात आपला एक ढीग घालण्यात अर्थ नाही.

पाणी उतरल्यावर जा. तेव्हा घरात गुडघाभर गाळ असतो, वास मारत असतो, आणि कॅमेरे गेलेले असतात. खराटे, फावडी, घमेली, गमबूट, फिनेल, ब्लीचिंग पावडर, आणि दिवसभर राबायची तयारी असलेली चार पोरं, एवढं न्या. घरात शिरायच्या आधी लाइटचं मेन स्विच बंद आहे का बघा. घरातल्या बाईला विचारा, आधी काय काढू? ती बहुतेक देव्हारा म्हणेल, नाहीतर कागद. देव्हाऱ्यातले देव काढायला सांगितले तर स्वच्छ हातानं, तिनं सांगितलं तसे, तिनं सांगितलं तिथं ठेवा. आमच्यातल्या एकदोघांना यावर शंका येते. मी त्यांना म्हणतो, तिचं घर आहे, तिचा जीव त्यात आहे, आपण तिच्या घरात मजूर म्हणून आलोय.

कागदांचं काम कुणी करत नाही, म्हणून ते आपण करायचं. सातबारा, रेशनकार्ड, दहावीचं सर्टिफिकेट, पोरांचे दाखले, सगळं चिखलात चिकटलेलं असतं. ओढून सोडवू नका, फाटतं. पसरट ताटात स्वच्छ पाणी घ्या, कागद त्यात आडवा सोडा, चिखल आपोआप सुटू द्या. बोटानं घासलं की शाई जाते. मग कोऱ्या, न छापलेल्या कागदाच्या दोन थरांत ठेवायचा, वरनं दाबायचं नाही, दर तासा-दोन तासांनी कोरे कागद बदलायचे. उन्हात नको, इस्त्री तर नकोच. सावलीत, वारा लागेल असं वाळवायचं. लॅमिनेशन केलेल्या कागदाच्या आत पाणी शिरलं असेल तर कडेनं जपून कापून आतला कागद मोकळा करायचा. एखाद्या पोरीचं दहावीचं सर्टिफिकेट वाचलं की तिची आई ज्या नजरेनं बघते त्याबद्दल मी जास्त काही लिहीत नाही.

तोंड कधी उघडायचं

आता मुद्द्याचं. नुसतं काम करत राहायचं आणि येशूचं नाव कधीच घ्यायचं नाही, असं मी म्हणत नाही. ज्याच्यामुळं मिळालं त्याचं नाव लपवणं हाही एक प्रकारचा खोटेपणाच. पण क्रम महत्त्वाचा. येशूचा शिष्य पेत्र लिहितो, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. यात 'विचारलं तर' हे आमची मंडळी वाचतात आणि पुढं जातात.

आमच्याच इतिहासात बघा. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात १८५२ मध्ये आले, त्यांच्या नावाचं चर्च शहरात उभं आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं. माझ्या पणजीचा मोतीबिंदू मिरजेत काढला. पट्टी सोडल्यावर तिला पहिलं काय दिसलं, तर नवऱ्याचे पांढरे झालेले केस. 'ह्ये कवा पिकलं?' म्हणून ती हसली, अशी गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. हे लोक कोण, कशासाठी करतात, हे तिनं पुढं कित्येक वर्षांनी विचारलं. तोवर तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिनं विचारलं नव्हतं.

तुम्हालाही विचारतील. सीपीआरच्या व्हरांड्यात कधी ना कधी एखादी मावशी विचारतेच, "लेकरा, तू हे कशापायी करतोस?" त्या वेळी अर्धा तास घेऊ नका. माझं उत्तर साधारण असं असतं: "मावशी, माझं काही न बघता देवानं माझ्यावर प्रेम केलं, येशूमुळं मला ते कळलं. मिळालेलं एकट्यानं खाऊ वाटत नाही." एवढंच. ती पुढं विचारेल तर पुढं बोला. "बरं बाबा" म्हणून भाकरी मोडायला लागली, तर पाणी द्या.

काही जण वेगळ्या सुरात विचारतात. "धर्म बदलायला आलासा काय? माणसामागं किती मिळतात?" चिडू नका, त्यांनीही काहीतरी ऐकलेलं असतं. सरळ सांगा, "मिळत काही नाही, गेलेत मात्र बरेच." बहुतेक वेळा हसून विषय मिटतो. नाही मिटला तर डबा ठेवून निघा, वाद घालू नका. कायद्याचंही माहीत असू द्या. राज्यघटनेच्या २५व्या कलमानं आपला धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिलाय. पण दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये स्पष्ट केलंय. आमिष, भीती, फसवणूक यांच्या जवळपासही फिरकू नका. मला विचाराल तर कायदा नसता तरीही नको. भाकरीच्या बदल्यात विश्वास मागितला तर ती भाकरी विकली. फुकट कुठं राहिली?

प्रार्थना करायची असेल तर आधी विचारा, "तुमच्यासाठी देवाजवळ मागू का?" नको म्हणाले तर घरी जाऊन मागा, देव तिथंही ऐकतो. हो म्हणाले तर हळू आवाजात, त्यांच्या बोलीत, चार वाक्यांत. "देवा, मावशींच्या लेकाला बरं कर. डॉक्टरांच्या हाताला यश दे. मावशींना आज रात्री डोळ्याला डोळा लागू दे. येशूच्या नावानं मागतो, आमेन." उपासनेतली जड भाषा तिथं नको. शेजारच्या खाटेला ऐकू जाईल असा आवाज नको. 'नक्की बरा होणार' असं वचन आपण देऊ नये, ते आपल्या हातात नाही. आणि गोळ्या बंद करा असं कुणी सांगताना दिसला तर, तो आपल्या चर्चचा असला तरी, त्याला तिथंच थांबवा. अंबाबाईला बोललेला नवस, जोतिबाचा गुलाल, दर्ग्यातला दोरा, यांवर शेरा मारू नका. घाबरलेला माणूस देवाला हाक मारतोय, त्याची चेष्टा करायला आपल्याला धाडलेलं नाही.

जे परत फिरत नाहीत

येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला एकच परत आला. त्यानं बाकीच्या नऊ जणांचा रोग परत आणला नाही. आपल्याला नवाच्या ऐवजी साडेनऊ भेटतील अशी तयारी ठेवा.

अवघड जातं ते मात्र परक्यांवर प्रेम करणं नव्हे. पार्किंगवरनं रोज भांडणारा खालच्या मजल्यावरचा, वाटणीवरनं बोलणं सोडलेला सख्खा भाऊ, आणि चर्चच्या निवडणुकीत विरुद्ध पॅनेलला असलेला, पुढच्याच बाकावर बसणारा माणूस, यांच्याशी खरी गाठ आहे. सीपीआरला डबा नेणं त्या मानानं सोपं. यावर माझ्याकडं मोठा उपाय नाही, छोटा आहे. समोर आला की 'सलाम' आपण आधी घालायचा. उत्तर आलं नाही तर पुढच्या रविवारी परत घालायचा. त्याच्याबद्दल घरात, पोरांच्या समोर, वाईट बोलायचं नाही. आणि त्याच्या घरात आजारपण आलं तर बाकीच्यांच्या आधी पोहोचायचं, आणि जुना विषय काढायचा नाही.

हे सगळं करताना घरच्यांना विसरू नका. बाहेर भाकरी वाटून आलेला माणूस घरी 'चहा अजून झाला नाही?' म्हणून खेकसला तर त्याच्या बायकोला देवाचं प्रेम कुठनं दिसणार?

घ्यायलाही शिका

सुरुवातीला म्हणालो, येशूनं शिष्यांना रिकाम्या खिशानं धाडलं. म्हणजे ते लोकांच्या घरी जेवणार होते. शोमरोनी बाईला भेटला तेव्हा येशूनं आधी काही दिलं नाही, तिच्याकडं पाणी मागितलं. ज्यांच्या हातचं पाणी यहुदी घेत नसत, त्यांच्यातल्या बाईकडं मागितलं. कोल्हापूरकराला ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही. गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा गावातलं कुणी पीत नव्हतं. शाहू महाराज तिथं गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या सरदारांनाही पाजायचे. महाराज ख्रिस्ती नव्हते, पण शोमरोनी विहिरीवरची ती गोष्ट मला त्या चहावरनं जास्त कळली. नुसतं देणारा माणूस कायम वरच्या पायरीवर असतो. त्यानं घेतलं की तो शेजारी येतो.

म्हणून नाताळात तुम्ही करंज्या, शंकरपाळी, चकल्यांचं ताट शेजारी द्या (केकमध्ये अंडं असेल तर सांगून द्या, नाहीतर बिनअंड्याचा करा), आणि दिवाळीत त्यांचं ताट आलं की दोन्ही हातांनी घ्या. हमालानं आपल्या घरी जेवायला बोलावलं तर जा, तो जे वाढेल ते खा, आणि एकदा तरी मागून घ्या.

प्रसादाचं काय करायचं, हे पोरं हमखास विचारतात. पौलानं करिंथकरांना यावर बरंच लिहिलंय. पुढ्यात वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका, असं तो सांगतो, आणि हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी मुद्दाम सांगितलं तर खाऊ नका असंही सांगतो. आमच्यात यावर दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजूंना देवाची भीती बाळगणारी माणसं आहेत. तुमच्या मनाला टोचत असेल तर हात जोडून, हसून, 'मला चालत नाही, रागावू नका' असं म्हणा. शेजारीण समजून घेते, तिचेही उपवास असतातच. तोंडावर घेऊन मागं कचऱ्यात टाकणं मात्र दोन्ही मतांच्या लोकांनी करू नये.

होळीच्या पुरणपोळीला तर कसलीच शंका काढू नका. ती शेजारणीनं पाटा-वरवंट्यावर, नाहीतर पुरणयंत्रात खांदा मोडेपर्यंत पुरण वाटून केलेली असते. गरम आहे तोवर तूप घालून खा. बरोबर कटाची आमटी आली नसेल, तर वाटी घेऊन जा आणि मागून आणा.